विद्यार्थी क्रमांक तेवीस

लेलंड ब्रँडवोल्डच्या पोटात दुखायला लागलं ते लिंबाच्या वड्यांमुळे, आणि गंमत अशी की त्यातली एकही वडी त्याच्या पोटात गेली नव्हती.

नोव्हेंबरातला मंगळवार होता. कॉलेज अल्जिब्राचा तास नुकताच सुटला होता आणि लेलंड फळा पुसत होता. (फळा दुसऱ्या कुणी पुसलेला त्याला चालत नसे. लोक वाटेल तसे पुसतात. लेलंड वरून खाली, एका रेषेत पुसे.) तेवढ्यात पुढच्या बाकावर बसून रोज त्याच्या तोंडावर जांभया देणारी एक मुलगी उठली, बाकाखालून तिनं भला मोठा ट्रे काढला आणि त्याच्या टेबलाला वळसा घालून सरळ बाहेर पडली. एकशे चार नंबरच्या खोलीतून एकशे सहामध्ये. तिच्यामागं सगळा वर्ग. पाचच मिनिटांत भिंतीपलीकडून हशा ऐकू आला. गणिताच्या तासाला हशा! लेलंडच्या एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या वर्गात लोक एकदाच हसले होते, आणि त्या दिवशी त्याच्या पँटला मागून खडूचे दोन पंजे उमटलेले होते.

एकशे सहामध्ये कॉरीन झिमरचा तास असे. पूर्वी ज्यांचं शाळेतलं गणित कच्चं, त्यांना वर्ष-दीड वर्ष खालच्या वर्गांत बसवून ठेवत, आणि त्यातले निम्मे तिथंच कंटाळून कॉलेज सोडून जात. आता नवी व्यवस्था आली होती. त्यांना थेट अल्जिब्राला बसवायचं आणि तो तास संपला की लगेच दुसरा, आधाराचा तास. तिथं अपूर्णांक, उणे संख्या, कंस, असं पायातलं राहून गेलेलं भरून काढायचं. म्हणजे मुलं तीच, बाकं तसलीच, मधे एक भिंत. भिंतीच्या अलीकडे डॉक्टरेट मिळवलेला लेलंड, आणि पलीकडे साधी पदवी घेतलेली, अर्धवेळ नोकरीतली, संध्याकाळी भावाच्या टायरच्या दुकानात फोन घेणारी कॉरीन. मुलं लेलंडला 'डॉक्टर ब्रँडवोल्ड' म्हणत आणि तिला नुसतं 'कॉरीन'. हे आपल्याला मानानं म्हणतात, अशी लेलंडची इतकी वर्षं प्रामाणिक समजूत होती.

तास संपल्यावर तो अगदी सहज, म्हणजे दारामागं सात मिनिटं उभा राहून, एकशे सहात डोकावला. ट्रेमध्ये शेवटची वडी उरली होती. शेवटची वडी उचलायची नाही, हा आमच्या मिनेसोटातला कायदा सरकारच्या कायद्यांपेक्षा कडक आहे. मग कुणी तिची अर्धी कापून घेतली होती, पुढच्यानं उरलेल्या अर्धीची अर्धी, त्याच्या पुढच्यानं तिचीही अर्धी, आणि आता ट्रेच्या कोपऱ्यात नखाएवढा तुकडा होता. फळ्यावर कॉरीननं लिहिलं होतं: एक द्वितीयांश, एक चतुर्थांश, एक अष्टमांश, एक षोडशांश, आणि शेजारी दोनाचे घात. जे लेलंड तीन आठवड्यांत शिकवत असे ते बाईनं एका वडीत उरकलं होतं.

"घे ना, लेलंड," कॉरीन म्हणाली.

"नको, नको."

"अरे, घे. माझ्या वाटणीची दुसरी ठेवलीय इथं."

"नको, आत्ताच खाल्लंय."

तिनं तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर त्यानं घेतली असती. आमच्याकडे तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय आग्रह खरा मानत नाहीत. पण तेवढ्यात कुणीतरी तिला प्रश्न विचारला आणि तिसरं निमंत्रण हवेतच विरलं. लेलंड रिकाम्या हातानं घरी आला आणि जेवताना बायकोला म्हणाला, "मला ते निदान डॉक्टर म्हणतात."

"माझा दात उपटणाऱ्यालाही मी डॉक्टरच म्हणते," आर्लिस म्हणाली. "त्याला मी वड्या नेऊन देते का?"

आर्लिस शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला होती. थोडक्यात आणि वर्मावर बोलायची सवय तिला तिथंच लागली असावी.

डिसेंबरात डीन ओस्टबींनी दोघांना बोलावून सांगितलं, की पुढच्या वर्षीपासून हे दोन्ही तास एकाच शिक्षकाकडे द्यायचं ठरलंय. एप्रिलअखेर विद्यार्थ्यांचं गुप्त मतदान घेऊ, ज्याला जास्त मतं त्याला दोन्ही तास. कॉरीन जिंकली तर तिला पूर्णवेळ नोकरी मिळणार होती. लेलंड हरला तर त्याला संगणकावरचे वर्ग मिळणार होते, म्हणजे समोर माणूस नाही, नुसती नावांची यादी. जांभई देणारंसुद्धा कुणी नाही. ती कल्पना त्याला सहन होईना. त्याहून सहन होत नव्हतं ते हे, की बातमी ऐकून कॉरीन त्याच्याकडे पाहून काळजीनं हसली होती.

"ती तिथं नक्की करते काय, तेच मला कळत नाही," लेलंड शेजारच्या ड्वेन स्कॉग्मोला म्हणाला. दोघं आपापल्या दारासमोरचं बर्फ उपसत होते. ड्वेन टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून लोकांच्या घरात पत्रांऐवजी सल्ले टाकत असे.

"शत्रूच्या गोटात शिर," ड्वेन म्हणाला. "नोकरदारांना एक कोर्स फुकट असतो ना? घाल नाव. मी असाच वेल्डिंग शिकलो."

"तू कुठं होतास कॉलेजात नोकरीला?"

"वहिनी होती. तुला शिकायचंय की चौकशी करायचीय?"

आर्लिसचा सल्ला फार सोपा होता: "तिला सरळ विचार, येऊन बसू का म्हणून."

"विचारू? म्हणजे तिला वाटेल, मला तिच्याकडून शिकायचंय!"

"मग कशाला जायचंय?"

लेलंड पुन्हा बर्फ उपसायला गेला. बर्फ संपलं होतं. त्यानं थोडं ड्वेनच्या अंगणातलं उपसलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो नावनोंदणीच्या खिडकीशी उभा राहिला. खिडकीमागच्या बर्नीसबाई एकतीस वर्षं तिथं होत्या आणि त्यांना आश्चर्य वाटणं केव्हाच बंद झालं होतं.

"आधाराचा तास सुटा घेता येत नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्याबरोबर कॉलेज अल्जिब्रा घ्यावाच लागतो. जोडीचा. हा बघा, एकशे चार नंबरची खोली, शिक्षक..." त्यांनी चष्मा वर केला. "ब्रँडवोल्ड."

"तो मीच."

"ते मला माहितीय. संगणकाला माहीत नाही. घालू नाव?"

"घाला."

"नाही घालता येत. आधाराच्या तासाला गणित कच्चं असावं लागतं. तुमचं कच्चं असल्याचा पुरावा आहे का?"

पुरावा म्हणजे प्रवेशचाचणी. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बारापेक्षा कमी मिळवायचे. लेलंड मनाशी पक्कं ठरवून बसला, की नऊ बरोबर, अकरा चूक. पहिलाच प्रश्न आला: दोन तृतीयांश अधिक एक षष्ठांश. चुकीच्या पर्यायावर बोट नेलं आणि बोट काही दाबेना. ज्या माणसानं हॉटेलच्या पाटीवरचं गणितसुद्धा पेन्सिलीनं दुरुस्त केलेलं, त्याला जाणूनबुजून चूक करायची म्हणजे देवळात चप्पल घालून जाण्यासारखं वाटलं. वीसपैकी वीस.

"फारच हुशार आहात," बर्नीसबाई म्हणाल्या. "नाही जमणार. आणखी एकदाच बसता येतं."

दुसऱ्यांदा त्यानं दातओठ खाऊन वीसच्या वीस चुकवले. आणि इथंच त्या हुशार माणसाची बुद्धी चळली, कारण डोळे मिटून ठोकत गेलं तरी विसांत पाच बरोबर येतात. वीसपैकी शून्य मिळवायला सगळी उत्तरं यावी लागतात. पण संगणकाला एवढं कुठलं कळायला? त्यानं लेलंडचं नाव लाल केलं आणि समुपदेशन विभागाकडे पाठवलं.

त्या संध्याकाळी फोन आला. बोलणारा मुलगा नवा होता, नाव टेविन, आवाज दुधावरच्या सायीसारखा. "मिस्टर ब्रँडवोल्ड, आधी एक सांगतो. शून्य मिळालं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. गणिताची भीती पुष्कळांना असते."

"मला भीती नाही."

"सगळे आधी असंच म्हणतात. लहानपणी गणिताचे कुणी मास्तर तुमच्यावर खेकसले होते का?"

"हे बघा, मी स्वतः..." लेलंड थांबला. आपण स्वतः कोण ते सांगितलं तर शून्य का मिळालं तेही सांगावं लागणार होतं. "होते," तो म्हणाला. "जरासे."

"बोललात, फार बरं केलंत. मी तुमच्या प्राध्यापकांना पत्र टाकतो, म्हणजे ते सांभाळून घेतील."

दोघांचं आडनाव एकच आहे हे टेविनच्या गावीही नव्हतं; दुसऱ्या दिवशी प्राध्यापक ब्रँडवोल्डना पत्र आलं. 'आपल्या वर्गातील एक विद्यार्थी मनानं अतिशय हळवा असून त्याला पूर्वी शिक्षकांचा वाईट अनुभव आलेला आहे. कृपया त्याच्यावर आवाज चढवू नये, त्याला चारचौघांत प्रश्न विचारू नये, आणि अधूनमधून कौतुकाचा शब्द बोलावा.' आर्लिसनं ते पत्र स्वयंपाकघरात फ्रिजवर लावलं आणि पुढं आठवडाभर त्याच्यावर आवाज चढवला नाही. तो आवाज ऐकण्यापेक्षा हे जास्त झोंबलं.

पहिल्या दिवशी आपला तास संपवून, फळा वरून खाली पुसून, लेलंड वही घेऊन एकशे सहात शिरला. बोलणं चाललं होतं ते खटकन बंद पडलं. बावीस जोडी डोळे त्याच्यावर खिळले.

"यादीत नाव पाहिलं होतं," कॉरीन म्हणाली. "वाटलं, दुसराच कुणी ब्रँडवोल्ड असेल. बस ना, मागं जागा आहे."

मागच्या बाकावर रॉली नावाचा गडी होता. वीस वर्षं ट्रक चालवून पाठ गेली, म्हणून आता दवाखान्यात तंत्रज्ञ व्हायला निघालेला. त्यानं आपला डबा बाजूला सरकवून जागा केली आणि कानात विचारलं, "सर, तुम्हीपण लटकलात?"

"उजळणी," लेलंड म्हणाला.

"मीपण घरी तेच सांगितलंय," रॉली म्हणाला.

लेलंडनं वहीत दोन रकाने आखले होते. डावीकडे 'बाईंच्या चुका', उजवीकडे 'इतर'. तासभर डावा रकाना रिकामाच राहिला. कॉरीन काही विशेष करतच नव्हती. प्रश्न घालायची आणि गप्प उभी राहायची. एवढी गप्प, की लेलंडलाच घाम फुटला. त्याच्या स्वतःच्या तासाला प्रश्न विचारल्यावर तीन सेकंदांत कुणी बोललं नाही तर तो स्वतःच उत्तर सांगून टाके, वेळ वाचतो. इथं मिनिट गेलं, दीड मिनिट गेलं, आणि मग रॉली, जो आत्ताच पलीकडच्या खोलीत टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता, तो म्हणाला, "कंसाबाहेरचा उणे आतल्या दोघांनाही लागणार ना?" बरोबर होतं! लेलंडला आनंद व्हायला हवा होता. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस बोलतो! मग माझ्याकडे का नाही बोलत?

इकडे दुसरंच लफडं उभं राहिलं. स्वतःच्या तासाला लेलंड हजेरी घेई आणि तेविसावं नाव अर्थातच गाळी, कारण आपण आपल्याला हाक मारून 'हजर' म्हणणं त्याला शोभलं नसतं. तीन आठवड्यांत संगणकानं विद्यार्थी ब्रँडवोल्डला सलग गैरहजर धरलं आणि टेविनचा फोन आला. "आधाराच्या तासाला जाता, पण मुख्य तासाला नाही. त्या प्राध्यापकांची धास्ती वाटते का? मोकळं बोला. त्यांच्याबद्दल माझ्याकडे आधीही काहीजण बोललेत."

"काय बोललेत?" लेलंडनं इतक्या जोरात विचारलं, की टेविन घाबरला.

"ते मी सांगू शकत नाही. पण तुम्ही एकटे नाही आहात."

त्या दिवसापासून लेलंड रोज तासाच्या शेवटी, मुलं बाहेर पडताना, खालच्या आवाजात "ब्रँडवोल्ड, हजर" असं पुटपुटून खूण करू लागला. रॉलीनं एकदा ते ऐकलं आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं.

फेब्रुवारीत थंडीनं कहर केला आणि असमानता, म्हणजे लहान-मोठ्याची चिन्हं, शिकवायची वेळ आली. एकशे चारमध्ये लेलंडनं सांगितलं, जसं तो एकोणतीस वर्षं सांगत आला होता: "उणे संख्येनं गुणलं की चिन्ह उलटतं. लक्षात ठेवा." मग तो भिंतीपलीकडे जाऊन बसला. कॉरीननं जोड्या लावल्या आणि त्याची जोडी हिबाकशी लागली. ही मुलगी सकाळी वृद्धाश्रमात कामाला जाई, डोक्याला स्कार्फ बांधे आणि जास्त बोलत नसे.

"का उलटतं, ते एकमेकांना सांगा," कॉरीन म्हणाली. "नियम सांगायचा नाही. का, ते सांगायचं."

लेलंडनं घसा साफ केला. सिद्धता त्याला पाठ होती. ती त्यानं चार ओळींत सांगितली. हिबाकनं सगळी शांतपणे ऐकून घेतली.

"बरोबर असेल, सर," ती म्हणाली. "मी मात्र आमच्या गाडीवरून लक्षात ठेवते. पंधरापेक्षा तीस मोठे, हो ना?"

"हो."

"पण थंडीत उणे पंधरा डिग्रीला आमची गाडी सुरू होते, उणे तीसला होत नाही. उणे लागल्यावर मोठा तोच जास्त खाली जातो."

एकोणतीस हिवाळे लेलंड पहाटे उठून गाडीच्या नाकदुऱ्या काढत होता. एकोणतीस वर्षं त्याच कडाक्यात येऊन तो फळ्यावर चिन्ह उलटवत होता. या दोन गोष्टी एकाच थंडीतल्या आहेत हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं, आणि या पोरीला मिनेसोटात येऊन सहा वर्षं झाली होती. त्याला तिचा हेवा वाटला, कॉरीनचा वाटला, आणि रागही आला, कारण तिचं म्हणणं त्याला पटलं होतं. उजव्या रकान्यात त्यानं लिहिलं, 'गाडी.' मग इकडेतिकडे पाहून ते खोडलं.

एप्रिलअखेर मतदानाचा कागद विद्यार्थ्यांच्या ईमेलवर गेला. म्हणजे लेलंडलाही आला. दार लावून तो संगणकासमोर बसला. स्वतःला मत द्यायला काय हरकत आहे? निवडणुकीला उभे राहिलेले सगळेच देतात. ड्वेननं तर आदल्या दिवशी बजावलंच होतं, "आपली पोळी आपणच भाजायची." लेलंडनं कागद उघडला. एकच प्रश्न होता: 'या सहामाहीत तुम्ही कोणाकडून जास्त शिकलात?' खाली दोन नावं.

त्यानं तो तीनदा वाचला. कुणाला निवडाल, असं विचारलं असतं तर सोपं होतं. पण हा प्रश्न सरळ होता आणि त्याला एकच बरोबर उत्तर होतं. जानेवारीत वीस चुकीची उत्तरं देऊन त्याची झोप उडाली होती. एकविसावं त्याच्यानं देववेना. त्यानं कॉरीनच्या नावावर बोट दाबलं आणि मग बराच वेळ स्वतःवर चरफडत बसला.

निकाल सांगायला ओस्टबींनी दोघांना बोलावलं. "कॉरीन, बावीस," ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा पुसला, खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा चष्मा पुसला. "लेलंड... एक."

यादीत तेविसावं नाव कुणाचं हे तिघांनाही ठाऊक होतं.

"असो," ओस्टबी म्हणाले. "आपण सगळी माणसंच आहोत."

लेलंडनं तोंड उघडलं. ते मत माझं नाही, माझं कॉरीनला गेलंय, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण यावर विश्वास कोण ठेवणार? आणि ठेवलाच, तर त्याहून वाईट. त्यानं तोंड मिटलं.

बाहेर पडताना कॉरीन हळूच म्हणाली, "मी तुझ्या जागी असते ना, तर मीही तेच केलं असतं." ती अगदी मनापासून म्हणाली, आणि लेलंडला वाटलं, हिला एखादा तरी दुर्गुण असता तर किती बरं झालं असतं.

घरी आर्लिस म्हणाली, "स्वतःलाच मत दिलंस? या वयात?" ड्वेन कुंपणावरून ओरडला, "मी बोललो नव्हतो? निदान शून्य तरी नाही झालं!" लेलंड अंगणात येरझाऱ्या घालू लागला, आणि चौथ्या फेरीला एकदम जागच्या जागी थांबला.

ते मत त्याचं नव्हतं. मग कुणाचं होतं?

दुसऱ्या दिवशी तो एकशे चारमध्ये शिरला तो चोरासारखा. परीक्षेला दोन आठवडे होते. हजेरी घेताना तो प्रत्येक नावाला थांबून वर बघू लागला. रॉली? छे, त्यानं तर कॉरीनचा उघड प्रचार केला होता. हिबाक? तिचं तोंड नेहमीसारखंच शांत. की खिडकीशी डुलक्या घेणारा तो लांब केसांचा? की पेनाचं टोपण चावणारी ती दोन वेण्यांची? बाविसांतला कुणीतरी एकजण या गणिताच्या वाळवंटात त्याच्या बाजूनं उभा राहिला होता, आणि तो कोण हे त्याला जन्मात कळणार नव्हतं. विचारायची सोय नव्हती. मतदान गुप्त होतं.

तेवढ्यात दोन वेण्यांच्या मुलीनं हात वर केला. "डॉक्टर ब्रँडवोल्ड, अपूर्णांकानं भागताना तो उलटा करून का गुणतात?"

अशा प्रश्नावर लेलंडचं उत्तर ठरलेलं होतं: हे शाळेत व्हायला हवं होतं. ते ओठांवर आलंसुद्धा. पण हीच असली तर? त्यानं उत्तर गिळलं, खडू ठेवला, खुर्ची ओढून तिच्या बाकाशी नेली आणि बसला. "कुठपर्यंत आलीस, दाखव," तो म्हणाला. आणि मग तो गप्प राहिला. तीन सेकंद गेले. दहा गेले. त्याच्या कपाळावर घाम आला, पण तो बोलला नाही. शेवटी तीच बोलली. निम्मं चुकलं, निम्मं जमलं. डुलक्या घेणारा मागून म्हणाला, "मलापण तिथंच गोंधळ होतो." लेलंड घाईघाईनं त्याच्याकडे वळला, कारण तोही असू शकत होता. मग आणखी एक हात वर आला, मग आणखी एक, आणि कुणाला झिडकारायची त्याची छाती होईना.

दारावर टकटक झाली. कॉरीन उभी होती, हातात खडूचा डबा. तिचा तास सुरू होऊन बारा मिनिटं झाली होती आणि एकशे सहामध्ये एक कुत्रं फिरकलं नव्हतं.

"लेलंड," ती वर्गाकडे पाहत जरा गोंधळून म्हणाली, "माझी मुलं?"

"थांब गं जरा," लेलंड मान न वळवता म्हणाला. "आमचं अजून चाललंय."